बॅटरी बसली की डायनॅमो गेला? स्वस्त ओबीडी स्कॅनरची परीक्षा

सेल्फ मारल्यावर इंजिन न उचलता नुसता टकटक आवाज येऊ लागला की गाडीच्या मालकाला मिळणारा पहिला सल्ला बॅटरी बदलण्याचा असतो. लहान पेट्रोल गाडीला लागणारी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी चार-पाच हजारांच्या घरात येते. त्या नव्या बॅटरीनेही महिन्याभरात मान टाकली की डायनॅमोकडे बोट दाखवले जाते, आणि कंपनीचा नवा डायनॅमो दहा हजारांच्या पुढे जातो. मूळ दोष मात्र कधी गंजलेल्या टर्मिनलमध्ये, कधी सैल झालेल्या अर्थिंगमध्ये, तर कधी रात्रभर गुपचूप करंट खाणाऱ्या म्युझिक सिस्टिममध्ये असतो. पैसे खर्च करण्याआधी यांतला फरक ओळखता यावा, एवढ्या अपेक्षेने मी ईएलएम ३२७ प्रकारचा एक ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती आणि त्याने नोंदलेले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारे छोटे यंत्र, घेतला आणि स्वतःच्या व शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्यांवर तो बराच काळ वापरला. हा आढावा फक्त बॅटरी आणि चार्जिंग यांपुरता आहे. मत आधीच सांगतो: वस्तू घेण्याजोगी आहे, पण साध्या मल्टिमीटरशिवाय ती अर्धीच आहे, आणि ज्यांना मीटरच्या पिना हातात धरायच्या नाहीत त्यांनी बॅटरीच्या निदानासाठी तिच्यावर पैसे घालू नयेत.

वस्तू अगदी साधी आहे. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये हा काडेपेटीएवढा अडॅप्टर बसतो आणि ब्लूटूथवरून मोबाइलमधल्या अॅपशी बोलतो. भारतात बीएस-४ गाड्यांना २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. त्यामुळे २०१३ नंतरच्या बहुतेक मोटारींवर तो चालतो, त्याआधीच्या गाड्यांवर चालेलच असे नाही. किंमत काही शे रुपयांपासून दोन हजारांपर्यंत आहे. ईएलएम ३२७ ही मूळ चिप कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची. तिची पहिली आवृत्ती कॉपी होण्यापासून सुरक्षित नव्हती, म्हणून जगभर तिच्या नकला निघाल्या, आणि मूळ कंपनीने २०२२ मध्ये काम थांबवल्यावर बाजारात जवळपास नकलाच उरल्या आहेत. वेष्टनावर ‘आवृत्ती १.५’ असे छापलेले दिसले तर एवढे लक्षात ठेवावे की मूळ कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. याचा अर्थ ती नक्कल निकामी असते असा होत नाही. वेष्टनावरच्या आकड्यावरून दर्जा ठरवू नये, इतकाच अर्थ घ्यावा.

बॅटरीच्या बाबतीत या स्कॅनरचा खरा उपयोग कळायचा असेल, तर तो व्होल्टेज नेमके कुठले दाखवतो हे आधी समजून घ्यावे लागते. अॅपमध्ये व्होल्टेजचे दोन वेगळे आकडे मिळतात आणि बहुतेक लोक ते एकच समजतात. पहिला आकडा अडॅप्टर स्वतः मोजतो. ओबीडी सॉकेटच्या सोळाव्या पिनेवर बॅटरीचा सततचा पुरवठा असतो आणि चौथ्या व पाचव्या पिनेवर अर्थिंग असते. या पिनांमधले व्होल्टेज म्हणजे अडॅप्टरचा आकडा. दुसरा आकडा इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) स्वतःच्या पुरवठ्याचे जे व्होल्टेज मोजतो आणि विचारल्यावर कळवतो तो, आणि अॅपमध्ये तो ‘कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज’ या नावाने दिसतो. यांतला एकही आकडा बॅटरीच्या शिशाच्या खांबांवरचा, म्हणजे केबल जोडतात त्या टोकांवरचा, नाही. बॅटरीपासून ईसीयूपर्यंत येताना वाटेत टर्मिनल, फ्यूज, रिले, जोड आणि अर्थिंगचे बोल्ट लागतात, आणि त्यांपैकी प्रत्येक जण थोडे व्होल्टेज खाऊ शकतो. गॅरेजमध्ये अनेकदा पडद्यावर ११.९ दिसले की ‘बॅटरी गेली’ असा निकाल लागतो. तो आकडा ईसीयूपाशी पोहोचलेल्या व्होल्टेजचा आहे, आणि बॅटरी त्याच क्षणी १२.५ वर ठणठणीत असू शकते, याकडे दुर्लक्ष होते. स्कॅनरचा आकडा आणि खांबांवर धरलेल्या मल्टिमीटरचा आकडा यांतला फरक हेच माझ्या मते या साधनाचे सर्वांत मोलाचे मोजमाप आहे.

अर्थात ही तुलना करण्याआधी अडॅप्टरचा आकडा खरा आहे की नाही ते पाहून घ्यावे लागते. माझ्याकडचा अडॅप्टर सुरुवातीपासून ०.३ व्होल्ट कमी दाखवत होता. बारा व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत ०.३ व्होल्ट ही क्षुल्लक चूक नाही, कारण पूर्ण भरलेली बॅटरी आणि अर्धी रिकामी बॅटरी यांच्यात जेमतेम अर्ध्या व्होल्टचा फरक असतो. सॉकेटच्या सोळाव्या आणि चौथ्या पिनेवर मीटर धरून खरा आकडा घ्यावा आणि अॅपमध्ये तेवढी दुरुस्ती करावी. टॉर्क या अॅपमध्ये ती सोय आहे. पिनांना मीटर लावताना हात स्थिर ठेवणे आवश्यक आहे, कारण सोळावी पिन नेहमी जिवंत असते आणि शेजारच्या पिनेला चुकून स्पर्श झाला तर फ्यूज उडण्यावर भागले तरी नशीब समजावे. ईसीयूच्या आकड्याला अशी दुरुस्ती सहसा लागत नाही.

गाडी उभी असतानाची तपासणी स्कॅनरवर सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ईसीयूचे व्होल्टेज वाचायचे म्हणजे इग्निशन ऑन करावे लागते, आणि तसे करताच इंधनपंप, ईसीयू, डॅशबोर्डवरचे दिवे मिळून काही अँपिअर ओढू लागतात, त्यामुळे विश्रांतीचे खरे व्होल्टेज मिळत नाही. ते मीटरनेच खांबांवर घ्यावे, तेही गाडी काही तास बंद राहिल्यानंतर. नुकत्याच चालवलेल्या गाडीच्या बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि तो फसवतो. वाट पाहायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटे लावून बंद करावेत, थोडे थांबावे आणि मग मोजावे. साध्या बॅटरीत १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी असे धरतात. १२.२ दाखवणारी बॅटरी खराब असेलच असे नाही, ती फक्त उपाशी असू शकते. आधी तिला चार्जरवर रात्रभर भरावी आणि मगच पुढचा निवाडा करावा. रिकाम्या बॅटरीवर केलेल्या कोणत्याही चाचणीचा निकाल मी मानत नाही.

सेल्फ मारतानाच्या चाचणीत मात्र स्कॅनरने मला मनापासून समाधान दिले. एकट्या माणसाला बॉनेटखाली मीटर धरून त्याच वेळी किल्ली फिरवता येत नाही. स्कॅनर लावून अॅपमध्ये व्होल्टेजचा आलेख सुरू केला की सीटवर बसूनच सेल्फ मारता येतो आणि नंतर शांतपणे आलेख पाहता येतो. सुदृढ बॅटरी असलेल्या पेट्रोल गाडीत व्होल्टेज क्षणभर दहा-साडेदहापर्यंत खाली येते आणि इंजिन लागताच चौदाच्या आसपास उडी घेते. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खांबांवरचे व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये, हा जुना आणि आजही उपयोगी दंडक आहे. इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. हे स्वस्त अडॅप्टर सेकंदाला जेमतेम काही वाचने देतात, तर सेल्फचा पहिला झटका सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यांत आटोपतो, त्यामुळे सगळ्यात खोल दरी आलेखात दिसेलच याची खात्री नसते. आलेखात एकाच वेळी सहा-सात गोष्टी लावल्या की वेग आणखी मंदावतो. म्हणून या चाचणीच्या वेळी व्होल्टेज आणि इंजिनचे आरपीएम एवढ्या दोनच गोष्टी ठेवाव्यात. बॅटरी फारच खचलेली असेल तर सेल्फ मारताच ब्लूटूथची जोडणी तुटते. ते गैरसोयीचे वाटले तरी त्यातूनही निदानाला दिशा मिळते.

आमच्या सोसायटीतल्या एका हॅचबॅकचे उदाहरण इथे सविस्तर देतो, कारण स्कॅनर आणि मीटर यांची जोडी काय करू शकते ते त्यात नीट दिसते. सकाळी सेल्फ जड फिरायचा, पॉवर स्टिअरिंगचा आणि एबीएसचा दिवा मधूनच लागायचा, आणि एका इलेक्ट्रिशियनने गाडीकडे नुसते पाहून “बॅटरीच टाकून घ्या, साहेब” असे सांगून ठेवले होते. स्कॅनरवर पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा कोड होता. सेल्फ मारताना ईसीयूचे व्होल्टेज ८.० पर्यंत घसरत होते. एवढ्यावर थांबलो असतो तर बॅटरी नक्कीच बदलली गेली असती. पण त्याच वेळी शेजाऱ्यांना किल्ली फिरवायला सांगून मी मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या खांबांवर धरल्या, त्यांवर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नाही, तेव्हा तिथे १०.४ व्होल्ट होते. बॅटरी आपले काम करत होती आणि वाटेत कुठेतरी २.४ व्होल्ट हरवत होते.

इंजिन सुरू झाल्यावर चित्र उलटे झाले. स्कॅनर १४.२ दाखवत होता आणि खांबांवर मात्र १३.८ होते. हा उलटा फरक फार बोलका असतो. सेल्फ फिरताना करंट बॅटरीकडून गाडीकडे जातो, म्हणून वाटेतल्या खराब जोडामुळे गाडीला कमी मिळते. चार्जिंगच्या वेळी करंट डायनॅमोकडून बॅटरीकडे जातो, म्हणून त्याच जोडामुळे आता बॅटरीला कमी मिळते. हिशोबही जुळत होता. लहान पेट्रोल इंजिनाचा सेल्फ फिरताना साधारण १२० अँपिअर ओढतो असे धरले, तर २.४ व्होल्टचा ऱ्हास म्हणजे ०.०२ ओहमचा रोध. आणि बॅटरीत २० अँपिअर शिरत असतील तर त्याच रोधावर ०.४ व्होल्ट पडतात. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या उणे खांबावर आणि दुसरी बॉडीच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारला, तेव्हा मीटरने २.२ व्होल्ट दाखवले. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या बराच खाली असायला हवा. बॅटरीच्या ट्रेखाली, जिथे उणे टोकाची जाड केबल बॉडीला आणि तिथूनच पुढे गिअरबॉक्सला जोडलेली होती, त्या बोल्टखाली हिरवट-पांढरा क्षार साचला होता आणि नट हाताने फिरत होता. पॉलिश पेपरने धातू उघडा केला, नट आवळला आणि बॅटरी चार्जरवर भरून घेतली. त्यानंतर सेल्फच्या वेळी स्कॅनरवरचा आकडा दहाच्या वर राहू लागला, दोन्ही दिवे लागायचे थांबले आणि तीच बॅटरी आजही गाडीत आहे.

चार्जिंगच्या तपासणीत स्कॅनर चांगला आहे, पण जुन्या फूटपट्टीने नव्या गाड्या मोजल्या तर तो हमखास चुकीच्या वाटेला नेतो. जुन्या पद्धतीच्या डायनॅमोत रेग्युलेटर स्वतःच व्होल्टेज ठरवतो. अशा गाडीत इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत, उन्हाळ्यात इंजिन तापल्यावर त्यात थोडी घट होणे स्वाभाविक आहे, आणि एसी, ब्लोअर, हेडलाइट व मागच्या काचेचा हीटर एकदम लावूनही आकडा १३ च्या खाली उतरू नये. आयडलिंगला उतरतो पण दोन हजार आरपीएमपर्यंत रेस दिली की सावरतो, असे असेल तर आधी बेल्टचा ताण पाहावा. रेस दिल्यावरही बारा-साडेबारावरच अडकून हळूहळू घसरत राहिला, तर डायनॅमो चार्ज करत नाही हे नक्की. त्याचे कार्बन ब्रश झिजलेत, कटआउट (रेग्युलेटर) गेला की जोड निघाला, हे पुढे इलेक्ट्रिशियनने पाहायचे. याउलट व्होल्टेज सतत पंधराच्या वर राहत असेल तर बॅटरीतले पाणी आटते, कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो आणि पी०५६३ हा जास्त व्होल्टेजचा कोड पडू शकतो.

गेल्या काही वर्षांतल्या अनेक गाड्यांत मात्र बॅटरीच्या उणे टर्मिनलवर एक लहानसा सेन्सर बसवलेला असतो. तो बॅटरीचा करंट, व्होल्टेज आणि तापमान मोजतो, आणि त्यावरून ईसीयू डायनॅमोला किती चार्ज करायचे ते सांगतो. इंधन वाचावे म्हणून वेग घेताना चार्जिंग जवळजवळ थांबवले जाते आणि अॅक्सिलरेटर सोडला की वाढवले जाते. अशी गाडी पुण्याहून साताऱ्याकडे नेताना खंबाटकीचा चढ चढत असताना आलेख १२.८ वर सपाट राहतो आणि उताराला पाय काढताच १४.७-१४.८ वर जातो. हा आलेख सुदृढ गाडीचा आहे. नेमका तो १२.८ चा आकडा पाहून डायनॅमो खोलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे आग्रहाने लिहीत आहे. अशा गाडीत व्होल्टेजसोबत अॅक्सिलरेटरची स्थिती किंवा वेग आलेखात लावावा. व्होल्टेज पायाच्या हालचालीबरोबर वरखाली होत असेल तर नियंत्रण ठीक चालले आहे, आणि पायाशी काहीही संबंध न ठेवता ते एकसारखे घसरत असेल तर दोष आहे. अनेक गाड्यांत हेडलाइट लावले की ही काटकसर थांबते आणि चार्जिंग पूर्ण जोराने सुरू होते. तपासायला ही युक्तीही सोपी आहे.

कोडच्या वाचनाकडे वळू या. पी०५६० ते पी०५६३ ही मालिका व्होल्टेजची आहे: बिघाड, अस्थिर, कमी आणि जास्त. पी०६२०, पी०६२१ आणि पी०६२२ हे कोड डायनॅमोच्या नियंत्रणाच्या, दिव्याच्या आणि फील्डच्या तारांशी संबंधित आहेत. ते दिसले तर डायनॅमो बदलण्याआधी त्याच्या मागचा छोटा कनेक्टर आणि त्याच्या तारा पाहाव्यात. यू अक्षराने सुरू होणारे, एका कंट्रोल युनिटचा दुसऱ्याशी संपर्क तुटल्याचे कोड घोळक्याने दिसले, तर तेवढी युनिट एकदम खराब झाली असे मानण्यापेक्षा सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळल्याने ती क्षणभर गप्प झाली, ही शक्यता कितीतरी जास्त असते. कोड पुसण्याआधी त्यांचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि फ्रीझ फ्रेम असेल तर ती वाचावी. कोड पडला त्या क्षणी आरपीएम आणि वेग किती होता, हे त्यात नोंदलेले असते. पी०५६२ पडला तेव्हा आरपीएम दोनशेच्या आसपास असेल तर दोष सेल्फच्या वेळचा, म्हणजे बॅटरी किंवा केबलचा. वेग ऐंशी असेल तर डायनॅमोकडे पाहावे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हेही अॅप दाखवते. विक्रेता ‘काहीच प्रॉब्लेम नाही’ म्हणत असताना हा आकडा दहा-बारा किलोमीटरच असेल, तर बॅटरी काढून किंवा स्कॅनर लावून कोड नुकतेच पुसले गेले आहेत.

आता या साधनाला काय जमत नाही ते सांगतो. डायनॅमोच्या आत एखादा डायोड (एसी करंटचा डीसी करणारा भाग) गेला तर सरासरी व्होल्टेज बऱ्यापैकी राहते, पण त्यावर लहरी येतात. स्कॅनरच्या मंद वाचनात त्या लहरी दिसत नाहीत. मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन सुरू असताना आणि हेडलाइट लावून खांबांवर मोजावे. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर डायोड प्लेट संशयास्पद समजावी. असा डायोड रात्री बॅटरीही रिकामी करू शकतो. उभ्या गाडीत होणारी करंटची गळती स्कॅनरला मोजताच येत नाही. त्यासाठी मीटर उणे केबलमध्ये ओळीने जोडावा लागतो आणि गाडीची सगळी युनिट झोपायला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. त्यानंतर ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जात असेल तर एकेक फ्यूज काढून चोर शोधायचा. हे मोजताना स्कॅनर सॉकेटमधून काढलेला असावा, कारण तो लावलेला असेल तर युनिट झोपतच नाहीत. काही अॅपमध्ये ‘बॅटरी टक्केवारी’ असा एक डायल असतो. तो हायब्रिड गाडीच्या मोठ्या बॅटरीसाठी आहे आणि साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीशी त्याचा काहीही संबंध नाही.

इथे एका जुन्या सवयीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंजिन सुरू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे, आणि इंजिन चालू राहिले तर डायनॅमो चांगला असे म्हणायचे, ही ‘चाचणी’ आजही अनेक ठिकाणी बेधडक केली जाते. चार्ज होत असलेली बॅटरी अचानक तोडली तर डायनॅमोचे व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळते आणि त्यात ईसीयू, एबीएसचे युनिट किंवा डायनॅमोचाच कटआउट जळू शकतो. चाचणी फुकट असली तरी ईसीयूची किंमत पाच आकड्यांत जाते. तुमच्या गाडीवर कोणी हे करू लागले तर त्यांना नम्रपणे पण ठामपणे थांबवा. हातात स्कॅनर असेल तर थांबवणे सोपे जाते, कारण तेच उत्तर पडद्यावर दाखवता येते.

बॅटरीची आतली तब्येत, म्हणजे तिच्या प्लेटांत किती जोर उरला आहे, हे सांगणारे वेगळे हातातले टेस्टर मिळतात. ते बॅटरीची वाहकता मोजून तिची कोल्ड क्रँकिंग अँपिअरची क्षमता, म्हणजे थंडीत सेल्फ फिरवण्याचा जोर, अंदाजतात. घरगुती दर्जाचे असे टेस्टर ओबीडी अडॅप्टरपेक्षा महाग पडतात. त्यांचा निकाल उपयोगी असतो, पण टेस्टरमध्ये बॅटरीच्या लेबलावरचे मानांकन अचूक निवडावे लागते. जेआयएस, डीआयएन, ईएन आणि एसएई या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि आपल्याकडच्या काही बॅटऱ्यांच्या लेबलावर फक्त अँपिअर-अवर असतात. चुकीचे मानांकन निवडले की चांगली बॅटरीही ‘बदला’ या शिक्क्यानिशी बाहेर येते. एका गाडीच्या मालकाने हा टेस्टर घेण्याची गरज मला वाटत नाही. ज्या दुकानातून बॅटरी घ्यायची आहे तिथे तो सहसा असतोच. समोर उभे राहून चाचणी करून घ्यावी आणि मानांकन कोणते निवडले ते पाहावे. विदर्भात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण मे महिन्याच्या उष्णतेत प्लेटा गंजतात आणि पाणी आटते, पण बॅटरी उघडपणे हात वर करते ती बऱ्याचदा नंतरच्या थंड सकाळी. दिवाळीच्या सुमारास एक चाचणी करून घेतली तर बॅटरीची कमजोरी थंडी येण्याआधीच कळते.

वापरातल्या दोन तक्रारी नोंदवतो. पहिली गंभीर आहे. हा अडॅप्टर सॉकेटमध्ये तसाच ठेवला तर तो स्वतःच ३० ते ५० मिलिअँपिअर करंट खात राहतो. ४० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरची पूर्ण भरलेली बॅटरी त्यानेच अडीच आठवड्यांत अर्ध्यावर येईल, शिवाय गाडीचा स्वतःचा वापर वेगळा. मुंबईत गाडी सोसायटीत लावून गावी जाणाऱ्यांनी तो काढूनच निघावे. चालू-बंद करण्याचे बटण असलेला अडॅप्टर मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यावेत. दुसरी तक्रार जोडणीची. आयफोनवर जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ अडॅप्टर चालत नाहीत. तिथे ब्लूटूथ लो एनर्जीचा किंवा वायफायचा अडॅप्टर लागतो, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. अॅपपैकी टॉर्क अँड्रॉइडवरच चालते, कार स्कॅनर दोन्हीकडे चालते, आणि बॅटरीच्या कामाला दोन्ही पुरेशी आहेत. मला कार स्कॅनरचा आलेख वाचायला सोपा वाटला.

ज्यांच्या गाडीत स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू करण्याची सोय) आहे आणि उणे टर्मिनलवर सेन्सर आहे, त्यांना हा स्कॅनर अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो. सेन्सर बॅटरीचा चार्ज किती टक्के मानतो, आत किती करंट शिरतो, नव्या बॅटरीची नोंद गाडीत झाली आहे का, ही माहिती साध्या ओबीडीच्या वाचनात नसते. ती लाँच किंवा ऑटेलसारख्या गॅरेजच्या स्कॅनरवर किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात मिळते. काही गाड्यांत नवी बॅटरी घातल्यावर ही नोंद करावीच लागते, अन्यथा गाडी नव्या बॅटरीला जुनीच समजून चार्ज करत राहते. अशा गाडीत बॅटरी निवडताना साधी बॅटरी स्वस्त पडते म्हणून घेऊ नये, ईएफबी किंवा एजीएम या स्टार्ट-स्टॉपसाठीच्या खास प्रकारांपैकी जी आधी होती तीच घ्यावी. बाहेरचा चार्जर लावतानाही त्याचा उणे चिमटा बॅटरीच्या खांबावर न लावता बॉडीच्या अर्थवर लावावा, म्हणजे आत शिरलेला करंट सेन्सरच्या हिशोबात येतो.

साध्या रचनेच्या, २०१३ नंतरच्या पेट्रोल किंवा डिझेल गाडीच्या मालकाला मी हजार-बाराशेपर्यंतचा, बटण असलेला ब्लूटूथ अडॅप्टर आणि एक साधा मल्टिमीटर ही जोडी निःसंकोच सुचवतो. घेतल्या घेतल्या, गाडी चांगली चालत असतानाच, विश्रांतीचे व्होल्टेज, सेल्फच्या वेळचा नीचांक, आयडलिंगचे आणि सगळे दिवे व एसी लावल्यावरचे व्होल्टेज टिपून ठेवावे, आणि प्रत्येक वेळी स्कॅनरचा व खांबांवरचा असे दोन्ही आकडे लिहावेत. पुढे कधी गाडीने कुरकुर केली की तुलनेला तुमच्याच गाडीचे आकडे हाताशी असतील.